तुरीचे वरण, तुराट्यांचा धूर

हरभऱ्याच्या घाट्याला भोक पाडून घाटेअळी डोके आत घालते आणि उरलेले अंग बाहेर ठेवून निवांत जेवते. हिवरखेडच्या शिवारात मार्गशीर्ष-पौषात हे कोणालाच नवे नाही. (वऱ्हाडात या नावाची गावे एकाहून अधिक. मोर्शीकडचे हिवरखेड संत्र्यांचे. मी म्हणतो ते तेल्हारा तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे, अकोला-खंडवा या जुन्या मीटरगेज रेल्वेवरचे.) कामगंध सापळे, पक्षीथांबे, निंबोळी अर्क, शेवटी औषधाचा पंप, अशा सगळ्या वाटांनी शेतकरी तिच्याशी झगडतो. पण हरभरा स्वतः काय करतो? त्याला पळता येत नाही, अळी झटकता येत नाही. पानांवर तो आंब धरतो, ती आंबट दहिवरासारखी ओल आपल्या पोटऱ्यांना लागते आणि चुणचुणते. ते त्याचे उघडे शस्त्र. दुसरे दाण्याच्या आत असते आणि डोळ्यांना दिसत नाही.

दाण्यात प्रथिने साठवलेली असतात ती उगवणाऱ्या कोंबासाठी. अळीला तीच हवी असतात. मात्र प्रथिन गिळून भागत नाही, त्याची लांब साखळी तोडून लहान तुकडे केल्याशिवाय ते अंगी लागत नाही. हे तोडण्याचे काम अळीच्या आतड्यातली विकरे करतात, आपल्या आतड्यात ट्रिप्सिन करते तेच. म्हणून दाणा आपल्या साठ्यात एक वेगळे प्रथिन मिसळून ठेवतो. ते विकराच्या नेमक्या त्या खाचेत जाऊन बसते जिथे तोडण्याचे काम चालते, आणि तिथून हलत नाही. विकर जिवंत, पण कामातून गेलेले. अळीचे पोट भरते, वाढ होत नाही. अशा प्रथिनांना रोधक म्हणू.

सोयाबीनमधला असा रोधक मोझेस कुनित्झ यांनी १९४५ च्या सुमारास स्फटिकरूपात वेगळा केला. दुसरा, अधिक लहान रोधक बोमन आणि येहुदित बर्क या संशोधकांच्या नावाने ओळखला जातो, आणि त्याच कुळातले रोधक तुरीत व हरभऱ्यातही आहेत. कच्च्या सोयाबीनवर पोसलेले उंदीर खुरटतात, हे त्याआधीच लक्षात आले होते. कारण नंतर कळले. १९७२ मध्ये ग्रीन आणि रायन या अमेरिकी संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. टोमॅटो-बटाट्याचे एक पान किड्याने कुरतडले की रोधक त्या पानापुरता तयार होत नाही, न कुरतडलेल्या पानांतही साठू लागतो. झाडाला घाव कळतो आणि तो सगळ्या अंगाला कळवला जातो.

इथवरची गोष्ट शेतकी मासिकात शोभेल. मला ती सांगावीशी वाटली ती छातीच्या संदर्भात. कारण माणसाच्या श्वासनलिकेत आणि फुप्फुसात अगदी हाच व्यवहार रात्रंदिवस चालू असतो. फरक एवढाच की तिथे खाणारी अळी बाहेरून आलेली नसते, ती आपलीच असते.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये न्यूट्रोफिल नावाच्या पेशी संख्येने सर्वांत जास्त. शरीर त्या रोज सुमारे शंभर अब्ज तयार करते. जंतू शिरला, धूर शिरला, धूळ शिरली की या पेशी धावत फुप्फुसात उतरतात. त्यांच्या पोटात बारीक पिशव्या असतात आणि त्या पिशव्यांत इलॅस्टेज नावाचे विकर. जंतूंना मारायला ते लागतेच. पण लढताना पेशी फुटते, पिशवी सांडते, आणि विकराला आपला-परका कळत नाही. ते समोर येईल ते तोडते. फुप्फुसात समोर येते ते इलॅस्टिन, म्हणजे वायुकोशांच्या भिंतींना ताण देणारा आणि श्वास सोडताना त्यांना पुन्हा आवळून घेणारा धागा. श्वास घ्यायला आपण स्नायू वापरतो. शांतपणे सोडताना मात्र बहुतेक काम हा धागाच करतो. लहानपणी एकदा विणला गेला की तो मोठेपणी जवळजवळ नव्याने विणला जात नाही. तुटला तो तुटला. वायुकोशांच्या भिंती कोसळून लहान लहान कप्प्यांच्या जागी ढिल्या पोकळ्या होतात, हवा आत जाते आणि अडकून राहते. याला डॉक्टर एम्फिसिमा म्हणतात. वऱ्हाडात म्हणतात, दम भरून येतो.

हे विकरांचे काम आहे याचा पुरावा पपईने दिला. कच्च्या पपईच्या चिकात पपेन असते. मटण लवकर शिजावे म्हणून पपईचा तुकडा टाकतात तो त्यासाठीच. १९६५ साली पॉल ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या फुप्फुसात पपेन सोडल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्या उंदरांना एम्फिसिमा झाला. पुढे न्यूट्रोफिलमधल्या इलॅस्टेजनेही तेच होते हे दिसले.

मग प्रश्न उलटा होतो. रोज एवढ्या पेशी फुप्फुसातून जा-ये करत असताना आपण सगळेच तिशीत धापा का टाकत नाही?

उत्तर स्वीडनमधल्या माल्मो गावात मिळाले, आणि ते शोधायला कोणी निघाले नव्हते. कार्ल-बर्टिल लॉरेल हे तिथल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्तद्रवातली प्रथिने कागदावर विजेच्या साहाय्याने वेगळी करून त्यांचे पट्टे पाहत. सुमारे दीड हजार नमुन्यांपैकी पाचांत एक पट्टा, अल्फा-१ नावाचा, जवळजवळ गायब होता. स्टेन एरिकसन या तरुण डॉक्टरांनी त्या पाच जणांचा माग काढला तर तिघांची फुप्फुसे अकाली गेलेली. दोघांनी हे १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. दीड हजारांत पाच पट्टे फिके दिसणे ही कोणीही कागदाचा दोष म्हणून सोडून दिली असती अशी गोष्ट. लॉरेल यांनी ती सोडली नाही, याचे मला त्या शोधापेक्षाही अधिक कौतुक वाटते.

गायब होते ते प्रथिन म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. नाव ट्रिप्सिनवरून पडले ते प्रयोगशाळेच्या सोयीने. त्याचे खरे काम इलॅस्टेजला रोखण्याचे. ते यकृतात तयार होते, रक्तातून फुप्फुसात झिरपते. ३९४ अमिनो आम्लांची ही साखळी निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तद्रवात साधारण एक ते दोन ग्रॅम असते, आणि ताप-सूज आली की यकृत तिचे उत्पादन तीन-चार पटींनी वाढवते. न्यूट्रोफिल अधिक आले की त्यांना आवरणारेही अधिक पाठवायचे, अशी ही व्यवस्था.

हे प्रथिन विकराला कसे पकडते ते २००० साली हंटिंग्टन, रीड आणि कॅरेल यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले. त्याच्या अंगातून एक फास बाहेर आलेला असतो. इलॅस्टेजला तो तोडण्याजोगा घास वाटतो. ते तोडायला जाते आणि त्याच क्षणी फास आत खेचला जातो, विकरालाही सोबत ओढून प्रथिनाच्या दुसऱ्या टोकाला आपटतो आणि त्याचा आकारच मोडून टाकतो. शास्त्रज्ञ याला उंदराचा सापळा म्हणतात, आणि उपमा चपखल आहे, एक गोष्ट सोडून: हा सापळा पुन्हा लावता येत नाही. विकरही जाते, रोधकही जातो. दोघांचे एकत्र प्रेत यकृत उचलून नेते. हरभऱ्यातला रोधक खाचेत जाऊन नुसता बसतो. माणसाच्या रक्तातला एकास एक मरतो. म्हणून त्याचा साठा सतत भरत राहावा लागतो.

इतक्या बारीक यंत्रात एक अक्षर चुकले तर काय होते, याची दोन उदाहरणे विचार करायला लावणारी आहेत. झेड नावाच्या उत्परिवर्तनात ३४२ व्या जागी एकच अमिनो आम्ल बदलते. प्रथिन यकृतात तयार होते पण बाहेर पडत नाही, एकमेकांत अडकून तिथेच साचते. मग एकाच चुकीने दोन अवयव जातात. फुप्फुसात ते नाही म्हणून फुप्फुस, आणि यकृतात ते फार आहे म्हणून यकृत. दुसरे उदाहरण पिट्सबर्गमधल्या एका मुलाचे, १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेले. त्याच्या प्रथिनात ३५८ व्या जागचे अमिनो आम्ल बदलले होते, आणि तीच फासावरची मोक्याची जागा. प्रथिन भरपूर होते, सापळाही चालत होता, पण तो आता इलॅस्टेजला सोडून रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला पकडू लागला. लागले-खुपले की सूज, सूज आली की यकृत हे प्रथिन वाढवणार, आणि ते वाढले की रक्त थांबेना. आवरणाऱ्यानेच जीव घेतला. संयम ही गोष्ट चांगली असे आपण सरसकट म्हणतो. शरीर तसे म्हणत नाही. कोणाला, कुठे आणि किती आवरायचे याचा पत्ता बिनचूक असेल तरच ते गुणाचे.

पत्त्याची ही काळजी श्वसनमार्गात स्पष्ट दिसते. खोल वायुकोशांत पहारा मुख्यतः यकृताकडून आलेल्या अँटिट्रिप्सिनचा. वरच्या मोठ्या नळ्यांत मात्र तिथल्याच पेशी आपला रोधक घडवतात. एसएलपीआय या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा रोधक अवघ्या १०७ अमिनो आम्लांचा असून कफात, लाळेत, अश्रूंत सापडतो. त्याच्या जोडीला इलाफिन. हे दोघे जागच्या जागी तयार होतात, काही प्रमाणात जंतूही मारतात. तरीही श्वासनलिकेत जुनाट जंतुसंसर्ग बसला की इलॅस्टेज इतके सांडते की रोधक पुरे पडत नाहीत. मोकळे इलॅस्टेज कफाच्या ग्रंथींना उत्तेजन देते, कफ वाढतो, कफात जंतू वाढतात, जंतूंमागे आणखी न्यूट्रोफिल येतात. स्यूडोमोनास नावाचा जंतू तर स्वतःच्या विकराने अँटिट्रिप्सिनच कापून टाकतो.

इथे पुन्हा घाटेअळी आठवते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या अशोक गिरी, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आदींनी १९९८ मध्ये दाखवले की हरभऱ्याच्या रोधकांना घाटेअळीच्या आतड्यातली विकरेच निकामी करतात. पिढ्यानपिढ्या हरभरा खाऊन तिने त्याच्या शस्त्राची सवय करून घेतली आहे. पुढच्या वर्षी याच प्रयोगशाळेतून आलेल्या कामात भुईमूग, चारधारी घेवडा, बटाटा अशा, अळीच्या नेहमीच्या ताटात नसणाऱ्या झाडांचे रोधक तपासले गेले. ते तिला अधिक जड गेले. ज्याच्याशी रोज गाठ पडते त्याच्यावरचा उतारा शत्रू शोधून ठेवतो. हे रोधक-शास्त्रातले कटू सत्य पुण्याच्या प्रयोगशाळेने वऱ्हाडच्या किडीवर सिद्ध केले, आणि शेतकऱ्यांना ते सांगायची गरज नव्हती. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचे काय केले ते त्यांनी २०१७ मध्ये बोंडे फोडून पाहिलेच आहे. (बीटीचे प्रथिन रोधक नव्हे, ते विष आहे. पण सवयीचा नियम दोघांना सारखाच.)

आता वऱ्हाडातल्या माणसाकडे येऊ. झेड उत्परिवर्तन मुख्यतः उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सापडते. आपल्याकडे ते विरळ. मग हिवरखेडच्या माणसाला या साऱ्याचे काय?

त्याला देणेघेणे आहे ते ३५८ व्या जागेमुळे. निरोगी प्रथिनात तिथे मेथिओनिन असते आणि मेथिओनिनमध्ये गंधकाचा एक अणू. सिगारेटच्या धुरातली आणि धुराने चिडलेल्या पेशींनी सोडलेली ऑक्सिडीकारक द्रव्ये त्या अणूला ऑक्सिजन चिकटवतात. बस, एवढेच होते. प्रथिन रक्तात दिसते, मोजणीत भरते, पण इलॅस्टेजला पकडण्याचा त्याचा वेग हजारपटीहून अधिक मंदावतो. धूर दोन्ही बाजूंनी काम करतो: तोडणाऱ्यांना बोलावतो आणि आवरणाऱ्यांना लुळे करतो. जन्मतः उणीव नसलेल्या माणसात तो जागच्या जागी उणीव घडवतो.

धूर म्हटले की विडी-सिगारेट डोळ्यांपुढे येते आणि मग बायकांचा विषय संपतो. तो संपू नये म्हणून पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. कधीही धूम्रपान न केलेल्यांतला सीओपीडी (श्वासमार्ग अडवणारा जुनाट आजार, एम्फिसिमाही त्यातच येतो) हा त्या लेखाचा विषय, आणि त्यात ठळक कारण स्वयंपाकाच्या जळणाचा धूर. भारतात सीओपीडीचे रुग्ण १९९० मध्ये सुमारे २ कोटी ८० लाख होते, ते २०१६ मध्ये साडेपाच कोटींवर गेले, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे.

वऱ्हाडच्या चुलीत काय जळते? पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या. तुरीच्या दाण्यात रोधक आहे हे वर आलेच. कच्ची डाळ आपल्याला पचत नाही त्यामागे तेही एक कारण. म्हणून आपण ती शिजवतो. वरण फुटते तेव्हा उष्णतेने तुरीच्या रोधकाचा आकार बहुतांशी मोडतो आणि प्रथिन आपल्या आतड्याला मोकळे होते. स्वयंपाक ही एका अर्थी वनस्पतींची हत्यारे काढून घेण्याची कला आहे. पण ती डाळ शिजते तुराट्यांवर. तेच झाड, त्याचे दाणे वर पातेल्यात आणि काड्या खाली आरावर. वर तुरीचा रोधक मरतो तेव्हा खाली फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या छातीतला रोधकही त्याच धुरात निकामी होत असतो. पहिले घडावे म्हणून दुसरे घडते, आणि पहिल्याचा लाभ सगळ्या घराला असतो. हा हिशेब कोणत्याच वहीत मांडला गेलेला नाही. माझ्या मते मराठी घराने बाईवर टाकलेल्या बोज्यांपैकी हा सर्वांत कमी बोलला गेलेला आहे.

इथे एक सावधगिरी हवी. ३५८ व्या जागेचा पुरावा प्रामुख्याने तंबाखूच्या धुराचा आहे. जळणाच्या धुराने होणारा आजार वायुकोशांपेक्षा बारीक नळ्यांना जास्त धरतो, तिथे भिंती जाड होतात, व्रण राहतात. तोडणारे आणि आवरणारे यांचा तोल हे त्या आजाराचे एक अंग आहे, सगळे नव्हे. शास्त्रातली सुंदर गोष्ट हाती लागली की ती प्रत्येक कुलपाला लावून बघण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

बाईच्या चुलीइतकाच धोका पुरुषांना जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, आहे. कपाशीच्या धुळीत बोंडाखालच्या पानांचा चुरा असतो आणि त्यावर वाढलेल्या जंतूंचे एंडोटॉक्सिन नावाचे विष. ते श्वासात गेले की न्यूट्रोफिल नळ्यांत जमतात. सूतगिरण्यांतले कामगार सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्याची तक्रार करतात, हे जगभर नोंदले गेले आहे. हंगामात मळणीयंत्रापुढे उभे राहून तुरीचे कुटार उडवणाऱ्याला रुमालाशिवाय दुसरे कवच नसते.

उपाय काय? ज्यांना जन्मतः उणीव आहे त्यांना दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेले अँटिट्रिप्सिन आठवड्याला शिरेतून देतात. अमेरिकेत याला १९८७ मध्ये मान्यता मिळाली. ते महाग आहे, तुटलेला धागा जोडत नाही, पुढची तूट मंदावते इतकेच. आपल्या भागातला उपाय वेलीला लागतो: अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी या पट्ट्यात पानपिंपरीचे, म्हणजे पिंपळीचे, मळे आहेत, आणि पिंपळी कास-श्वासावर आयुर्वेदाला चरकाच्या काळापासून मान्य आहे. तिचा मान मी ठेवतो. पण तुटलेले इलॅस्टिन ती पुन्हा विणते असे कोणी म्हणत असेल तर त्याला पुरावा मागावा, जसा तो इंजेक्शनवाल्याला मागतो तसाच.

उज्ज्वला योजना २०१६ च्या मे महिन्यात सुरू झाली आणि सिलिंडर खेड्यापाड्यांत पोचले. चहा गॅसवर आणि आंघोळीचे पाणी, भाकरी, ढोरांचे आंबोण चुलीवर, अशी विभागणी मात्र अनेक घरांत अजून चालते. अर्ध्या धुराने अर्धे नुकसान होते असे समजण्याचे कारण नाही, कारण जुने तुटलेले परत येत नाही.

तेव्हा वाचणाऱ्याला एवढेच सांगायचे आहे. घरातली बाई तीस-चाळीस वर्षे चुलीपुढे बसलेली असेल, आणि आता पाण्याची कळशी उचलताना किंवा मंदिराची पायरी चढताना थांबत असेल, तर ‘वय झालं’ म्हणू नका. तिला स्पायरोमेट्रीसाठी न्या. विडी न ओढणाऱ्या बाईला ही तपासणी कशाला, असे कोणी म्हटले तर न ओढणाऱ्यांनाही हा आजार होतो हे ठामपणे सांगा. घरात कोणालाही हा आजार निघाला आणि वय चाळिशीच्या आत असेल, किंवा सोबत यकृताचा त्रास असेल, तर अँटिट्रिप्सिनची पातळी एकदा तपासण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. खरे तर सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाची ही चाचणी एकदा तरी व्हावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९७ मध्येच केलेली आहे. स्पायरोमेट्रीत सुई नाही, नळीत जोराने फुंकायचे असते, आणि साधारण अर्ध्या तासात ती होते.